एकच कूलर, तीन प्रोग्राम: ब्लॉक, टेक्स्ट आणि लॅडर

उन्हाळ्याची सुट्टी लागली की माझ्या रविवारच्या वर्गाच्या दारात एक प्रश्न ठरलेला असतो. "ताई, पोराला स्क्रॅच शिकवू की डायरेक्ट पायथन?" विचारणारे कधी आईवडील असतात, कधी डिप्लोमाला गेलेला मुलगा असतो. मागच्या वर्षी तर नुकतेच रिटायर झालेले एक काका आले होते, त्यांना स्वतःलाच शिकायचं होतं. तोंडी उत्तर देणं मी आता सोडलंय. मी म्हणते, एक छोटं काम घ्या आणि तेच काम दोन्ही पद्धतींनी करून बघा. जमलं तर तिसऱ्या पद्धतीनेही.

हा लेख म्हणजे तेच काम, पायरीपायरीने. प्रोग्रामिंगचा ओ की ठो माहीत नसला तरी चालेल. काम आहे घरच्या कूलरचं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास फिरत असतो, त्यामुळे वाळ्याच्या ताट्या, पाण्याचा पंप आणि पंखा म्हणजे काय हे इथल्या पहिलीतल्या पोरालाही सांगावं लागत नाही. ओळखीचं यंत्र घेतलं की सगळं लक्ष प्रोग्रामकडे राहतं.

सुरू करण्याआधी एवढंच समजून घ्या. टेक्स्ट कोडिंग म्हणजे आज्ञा टाईप करून लिहायच्या. पायथन, सी, जावा ही सगळी त्यातली. व्हिज्युअल प्रोग्रामिंगमध्ये त्याच आज्ञा चित्रांतून मांडायच्या: कुठे एकमेकांत अडकणारे ब्लॉक असतात (स्क्रॅच त्यातलंच), कुठे वायरने जोडलेले डबे, तर कुठे शिडीसारखी आकृती. चित्र आहे म्हणून ते खोटं-खोटं प्रोग्रामिंग ठरत नाही. ही गोष्ट मी पालकांना सगळ्यात आधी सांगते, कारण "हे तर खेळणं आहे, खरं कोडिंग कधी सुरू होणार?" असं विचारून खूप जण चांगल्या सुरुवातीवर पाणी ओततात.

काय लागेल

एक लॅपटॉप किंवा डेस्कटॉप, जुना असला तरी हरकत नाही. स्क्रॅच ब्राउझरमध्ये उघडतं, खातं काढायची सक्ती नाही. नेट भरवशाचं नसेल तर त्याचं ऑफलाइन ॲप डाऊनलोड करून ठेवा. टॅबवर चालतं, पण फोनच्या पडद्यावर ब्लॉक ओढताना बोटं आणि डोळे दोन्ही थकतात, म्हणून फोनवर सुरुवात करू नका. पायथनसाठी थॉनी नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात ते खास नवशिक्यांसाठी तयार झालं, आणि पायथन त्याच्यासोबतच येतं, वेगळं बसवावं लागत नाही.

आणि एक वही. ती विसरू नका.

पायरी १: आधी वहीत, मराठीत

संगणक बंद ठेवा. कूलरने काय करायचं ते वहीत लिहा. माझ्या वर्गातली मुलं साधारण असं लिहितात:

तापमान ३८ च्या वर गेलं तर पंखा चालू कर.
नाहीतर पंखा बंद कर.

पुरे. ही दोन वाक्यं म्हणजेच प्रोग्राम. पुढे जे काही करू ते या वाक्यांचं भाषांतर आहे. ज्याला वहीत ही वाक्यं लिहिता येत नाहीत त्याला स्क्रॅचही अडतं आणि पायथनही. म्हणून मी इथे घाई करू देत नाही. एकदा तर आम्ही अख्खा तास यावरच घालवला, कारण एका मुलीने विचारलं, "बरोब्बर ३८ असेल तर?" तिचा प्रश्न रास्त होता. ३८ ला पंखा बंद राहील, कारण आपण "च्या वर" म्हटलंय. असले प्रश्न वहीवरच सुटलेले बरे.

पायरी २: तोच नियम स्क्रॅचमध्ये

स्क्रॅच अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने तयार केलं आणि २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. आज आपण वापरतो ती तिसरी आवृत्ती, २०१९ ची. ८ ते १६ वयाची मुलं डोळ्यांसमोर ठेवून ते बनवलंय, पण त्या रिटायर झालेल्या काकांनाही त्याची गोडी लागली.

उघडल्यावर डावीकडे रंगीत ब्लॉक दिसतील, मधे मोकळी जागा, उजवीकडे रंगमंच आणि त्यावर मांजर. मांजर पुसून टाका. नवीन स्प्राइट (रंगमंचावरचं पात्र) रंगवायला घ्या आणि तीन पात्यांचा पंखा काढा. इथे एक काळजी घ्या: चित्र काढायच्या जागेत मधोमध एक बारीक खूण असते. पंख्याचा मध्य नेमका त्या खुणेवर आला पाहिजे. नाही आला तर पंखा जागेवर न फिरता लग्नातल्या बँडवाल्यासारखा गोल गोल चालत सुटतो.

आता व्हेरिएबल (म्हणजे आकडा ठेवायची डबी) करा आणि त्याला नाव द्या "तापमान". मराठी नाव चालतं. रंगमंचावर त्याची छोटी पाटी येईल. तिच्यावर डबल क्लिक केलं की पाटी मोठी होते, पुन्हा केलं की खाली सरकपट्टी येते. ही सरकपट्टी म्हणजे आपला थर्मामीटर.

मग ब्लॉक असे एकाखाली एक जोडा:

व्हेन ग्रीन फ्लॅग क्लिक्ड
फॉरेव्हर
  इफ तापमान > ३८ देन
    टर्न १५ डिग्रीज
    से "चालू"
  एल्स
    से "बंद"

(ब्लॉकमधले आकडे इंग्रजीतच टाका. का, ते पायरी ४ मध्ये.)

हिरवा झेंडा दाबा, सरकपट्टी ओढा. ३९ ला पंखा फिरायला लागतो, ३८ ला थांबतो. पहिल्यांदा हे घडतं तेव्हा मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो, आणि मोठ्यांचाही.

आता ब्लॉकच्या आकारांकडे नीट बघा, कारण व्हिज्युअल भाषेची सगळी ताकद त्यात आहे. झेंड्याच्या ब्लॉकला वरून फुगीर टोपी आहे, म्हणून त्याच्यावर काही जोडताच येत नाही. तो सुरुवातीलाच येणार. "इफ" मधली खाच षटकोनी आहे, तिच्यात खरं-खोटं सांगणारा षटकोनी ब्लॉकच बसतो. तिथे "टर्न १५" टाकायचा कितीही प्रयत्न करा, बसणार नाही. "फॉरेव्हर" उघड्या जबड्यासारखा आहे, जे आत घ्याल ते पुन्हा पुन्हा होत राहणार. म्हणजे व्याकरण पाठ करायचं नाही, ते हाताला लागतं. कुलपाला चुकीची किल्ली लागत नाही, तसंच हे.

नवशिक्याची हमखास चूक सांगते: "फॉरेव्हर" लावायचा राहतो. मग झेंडा दाबला त्या क्षणी एकदाच तापमान तपासलं जातं आणि प्रोग्राम संपतो. नंतर सरकपट्टी ५० वर नेली तरी पंखा ढिम्म. असं झालं की प्रोग्राम मोठ्याने मराठीत वाचायचा. "झेंडा दाबल्यावर, जर तापमान ३८ च्या वर असेल, तर फिर." यात "सारखं बघत राहा" कुठे आहे? नाही ना! चूक वाचतावाचताच सापडते. हा वाचून बघण्याचा नियम मी सगळ्या भाषांना लावते.

पायरी ३: मोटर फडफडते, मग काय

खरं तापमान सरकपट्टीसारखं गुमान एका जागी बसत नाही. म्हणून पंख्याजवळच दुसरी एक वेगळी रांग जोडा: हिरवा झेंडा, त्याखाली फॉरेव्हर, आत "चेंज तापमान बाय पिक रँडम उणे १ ते १", आणि "वेट ०.३ सेकंद". तापमान ३८ वर ठेवा आणि झेंडा दाबा.

आठवीतल्या एका मुलाने हे केलं आणि ओरडला, "ताई, हे चालू-बंद, चालू-बंद होऊन राहिलं जी!" खरंच. ३८ आणि ३९ च्या मधे तापमान डुलतं आणि "चालू", "बंद" हे शब्द लुकलुकत राहतात. घरच्या कूलरची मोटर अशी फडफडली तर फार दिवस टिकायची नाही.

उपाय असा: चालू करायचा आकडा आणि बंद करायचा आकडा वेगळा ठेवायचा. ३८ च्या वर गेलं की चालू, आणि ३६ च्या खाली आलं की बंद. मधल्या पट्ट्यात जे चाललंय तेच चालू द्यायचं. पण "जे चाललंय" ते प्रोग्रामला आठवायला हवं, म्हणून "मोटर" नावाचं दुसरं व्हेरिएबल करा. १ म्हणजे चालू, ० म्हणजे बंद. फॉरेव्हरच्या आत आता तीन इफ येतील: पहिला मोटर १ करणारा, दुसरा ० करणारा, आणि तिसरा मोटरकडे बघून पंखा फिरवणारा.

हा छोटासा बदल म्हणजे या लेखातली सगळ्यात मोलाची गोष्ट. इथे प्रोग्रामला स्मरणशक्ती आली. फ्रिज, इस्त्री, पाण्याच्या टाकीचा ऑटोमॅटिक स्विच, सगळीकडे हीच युक्ती असते.

आणखी एक बघा. तुम्ही दोन वेगवेगळ्या रांगा जोडल्या आणि दोन्ही एकाच वेळी चालल्या, त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. ही स्क्रॅचची फार सुंदर बाजू आहे. पायथनमध्ये दोन कामं एकाच वेळी चालवायची म्हटली की नवशिक्याच्या नाकी नऊ येतात.

फाइल मेनूतून प्रोजेक्ट संगणकावर सेव्ह करा. लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

पायरी ४: मराठी आकड्यांची गंमत

ही पायरी मला एका सहावीतल्या मुलीने शिकवली. तिने सरकपट्टी काढून "आस्क अँड वेट" ब्लॉक लावला, म्हणजे प्रोग्राम तापमान विचारणार आणि आपण टाईप करणार. तिच्या टॅबवर मराठी कीबोर्ड होता. तिने १२ टाकलं आणि पंखा सुरू झाला! १२ डिग्रीला! तिने ५ टाकलं, तरी सुरू. इंग्रजी आकड्यांत ५ टाकल्यावर मात्र बंद.

कारण असं. स्क्रॅच देवनागरी आकड्यांना संख्या मानत नाही, नुसती अक्षरं मानतं. एक बाजू संख्या नसली की ते दोन्ही बाजूंची तुलना शब्दकोशासारखी करतं, आणि संगणकाच्या अक्षरयादीत देवनागरी अक्षरं इंग्रजी आकड्यांच्या बरीच नंतर येतात. म्हणून कुठलाही मराठी आकडा त्याला ३८ पेक्षा "मोठा" वाटतो. चूक झाली असं ते सांगतही नाही. मुकाट्याने चुकीचं उत्तर देतं.

ब्लॉक भाषेची ही दुसरी बाजू नीट लक्षात ठेवा. आकारामुळे व्याकरणाच्या चुका होत नाहीत, पण अर्थाच्या चुका होतात, आणि त्या गुपचूप होतात.

पायरी ५: तेच पायथनमध्ये

आता थॉनी उघडा. खालचा कोड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलाय, म्हणजे वाचता येईल. टाईप करताना पायथनचे शब्द आणि कोडमधले आकडे इंग्रजीत टाकायचे. सगळी अक्षरं लहान लिपीत, फक्त ट्रू मधला टी मोठा. "मोटर" आणि "तापमान" ही नावं मात्र मराठीत ठेवली तरी पायथनला चालतात.

मोटर = ०
व्हाइल ट्रू:
    तापमान = इंट(इनपुट("तापमान किती? "))
    इफ तापमान > ३८:
        मोटर = १
    इफ तापमान < ३६:
        मोटर = ०
    इफ मोटर == १:
        प्रिंट("पंखा चालू")
    एल्स:
        प्रिंट("पंखा बंद")

एफ ५ दाबून चालवा. ४० टाका, ३७ टाका, ३५ टाका. ३७ ला पंखा चालूच राहिला ना? मग स्मरणशक्ती काम करते आहे. थांबवायला कंट्रोल आणि सी एकत्र दाबा.

दोन्ही प्रोग्राम शेजारी ठेवून बघा. "फॉरेव्हर" चा इथे "व्हाइल ट्रू" झाला. ब्लॉकचा जबडा गेला आणि त्याच्या जागी ओळी आत सरकल्या. पायथनमध्ये ही आतली चार स्पेसची जागा शोभेची नसते, जबड्यात काय आहे ते तीच सांगते. शेवटचा इफ-एल्स चुकून डाव्या कडेला लागला तर तो लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा होणाऱ्या भागाच्या, बाहेर पडतो. लूप तर कधीच संपत नाही, म्हणजे त्याची पाळी कधी येतच नाही. कुठलीही तक्रार न करता प्रोग्राम तापमान विचारत राहतो आणि पंख्याचं नावच काढत नाही. स्क्रॅचमध्ये ब्लॉक जबड्याबाहेर राहिला तर नजरेला लगेच खटकतं. इथे नजर तयार करावी लागते.

आता मुद्दाम तीन चुका करा. हो, मुद्दाम. माझ्या वर्गात ही सक्तीची पायरी आहे.

पहिली, इफच्या ओळीतला शेवटचा कोलन पुसा. पायथन लगेच अडेल आणि ओळीचा क्रमांक सांगेल.

दुसरी, "मोटर == १" मधलं एक बरोबरचं चिन्ह काढा. एक चिन्ह म्हणजे "हे मूल्य ठेव" आणि दोन म्हणजे "सारखं आहे का बघ". स्क्रॅचमध्ये ही दोन कामं दोन वेगळ्या रंगांचे ब्लॉक करतात, म्हणून गोंधळ होत नाही. कागदावर मात्र दोन्ही सारखीच दिसतात.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची: "इंट" आणि त्याचे कंस काढून फक्त इनपुट ठेवा. ४० टाका. लाल अक्षरांत एरर येईल, कारण इनपुट जे देतं ते पायथनसाठी मजकूर असतो, आणि मजकूर व संख्या यांत मोठं-लहान ठरवायला तो साफ नकार देतो. "इंट" म्हणजे "या मजकुराची संख्या कर" अशी आज्ञा. नवख्याला हे कटकटीचं वाटतं. पण पायरी ४ मधली ती सहावीतली मुलगी आठवा. स्क्रॅचने गुपचूप चुकीचं उत्तर दिलं, पायथन भांडून थांबला. आणि गंमत म्हणजे "इंट" ठेवून चालवा आणि मराठी कीबोर्डने १२ टाका: पायथन देवनागरी आकडे ओळखतो आणि पंखा बंद ठेवतो.

एरर आली की सगळ्यात खालची ओळ आधी वाचा. चूक काय झाली ते तिथे असतं. कुठे झाली ते तिच्या वरच्या ओळींत. लाल रंग बघून घाबरायचं कारण नाही, तो मजकूर तुम्हाला मदत करायलाच लिहिलेला असतो.

पायरी ६: फरक हाताला कुठे लागतो

कूलरचा प्रोग्राम दहा-पंधरा ब्लॉकचा होता. आता त्यात पाच खोल्या, प्रत्येकीचं तापमान, पंप आणि वेळापत्रक घाला. स्क्रॅचचा पडदा भरून वाहायला लागेल. ब्लॉक शोधायला अर्धा वेळ, सरकवायला उरलेला अर्धा. संगणकशास्त्रज्ञ पीटर डॉइच यांचं याबद्दलचं निरीक्षण प्रसिद्ध आहे: पडद्यावर एका वेळी पन्नासेक चित्रघटकांहून जास्त मावत नाहीत. टेक्स्ट मात्र दाटीने मावतं, शोधता येतं, आणि एका ठिकाणचं नाव बदललं की सगळीकडे बदलता येतं.

दुसरा फरक मिळून काम करताना कळतो. पायथनच्या दहा ओळी व्हॉट्सॲपवर मेसेज म्हणून पाठवता येतात आणि समोरचा त्या तशाच चालवून बघू शकतो. ब्लॉकचा फोटो पाठवला तर त्याला तो बघून पुन्हा जोडावा लागतो. कंपन्यांमध्ये गिट वापरतात, म्हणजे कोणी कुठली ओळ कधी बदलली याची नोंद. ती ओळींसाठीच बनलेली आहे, चित्रांचा तिच्यात नीट मेळ बसत नाही.

एक प्रयोग करून बघा. स्क्रॅचने सेव्ह केलेली फाइल एसबी३ प्रकारची असते. तिची एक प्रत काढा, नावाच्या शेवटचं एसबी३ पुसून झिप करा आणि उघडा. आत तुमच्या पंख्याचं चित्र असेल आणि प्रोजेक्ट नावाची एक जेसन फाइल, म्हणजे साध्या अक्षरांत माहिती साठवणारी. ती नोटपॅडमध्ये उघडा. तुमचा "फॉरेव्हर", तुमचा "इफ", सगळं तिथे शब्दांत लिहिलेलं सापडेल. ब्लॉकच्या खाली शेवटी अक्षरंच आहेत हे मुलांना डोळ्यांनी दिसतं, तेव्हा टेक्स्टची भीती अर्धी तिथेच जाते.

पण तराजू एकाच बाजूला झुकवू नका. ज्या मुलाला इंग्रजी टायपिंग जड जातं, स्पेलिंग चुकलं की सगळं अडतं, त्याला ब्लॉक दिले तर तो त्याच दिवशी विचार करायला लागतो. माझ्याकडे मनपाच्या शाळेतली मुलं येतात, त्यांच्यात हे मी दर वर्षी बघते. उलट, ज्याला दिसत नाही त्याला ब्लॉक ओढणं फार अवघड. स्क्रीन रीडर टेक्स्ट वाचून दाखवतो, म्हणून त्याला टेक्स्ट जवळचं. तेव्हा कोण शिकतंय हे आधी बघा आणि मग भाषा ठरवा.

पायरी ७: बुटीबोरीची शिडी

"ब्लॉक म्हणजे लहान मुलांचं" असं अजून वाटत असेल तर ही पायरी सावकाश वाचा.

आमच्या वस्तीतले एक काका नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत मेन्टेनन्सला आहेत. एकदा ते वर्गात डोकावले, फळ्यावरचा कूलर बघितला, आणि खडू घेऊन त्यांनी हे काढलं:

|---[ ३८ वर ]---+---[/ ३६ खाली ]---( मोटर )---|
|---[ मोटर ]----+

"आमच्याकडे हे असं लिहितात," ते म्हणाले. "ही लॅडर."

वाचायची पद्धत सोपी आहे. दोन उभ्या रेषा म्हणजे शिडीचे दांडे, डावीकडून करंट निघतो असं समजायचं. चौकटी कंस म्हणजे कॉन्टॅक्ट, स्विचसारखा जुळणारा-तुटणारा जोड. तापमान ३८ वर गेलं की पहिला जोडला जातो. तिरपी रेघ असलेला एनसी, म्हणजे एरवी जोडलेलाच असतो, तापमान ३६ खाली गेलं की तुटतो. उजवीकडचा गोल कंस मोटरची कॉइल, तिथवर करंट पोचला की मोटर चालू. आता खालची ओळ बघा: तिथे मोटरचाच कॉन्टॅक्ट आहे. मोटर एकदा चालू झाली की तो जोडला जातो, आणि मग तापमान ३७ वर आलं, वरचा कॉन्टॅक्ट सुटला, तरी खालच्या वाटेने करंट जातच राहतो.

"मोटर स्वतःलेच धरून ठेवते ना, म्हणून याले होल्डिंग म्हणतात," काका म्हणाले. मुलं बघतच राहिली. आम्ही स्क्रॅचमध्ये व्हेरिएबल करून आणि पायथनमध्ये तीन इफ लिहून जे मिळवलं, ते काकांनी दोन रेघांत काढलं होतं. त्याच दुपारी नववीतल्या एका मुलीने त्यांची आकृती पायथनमध्ये उतरवली: मोटर बरोबर, कंसात तापमान ३८ च्या वर किंवा मोटर, कंसाबाहेर आणि तापमान ३६ च्या खाली नाही. "किंवा" साठी ऑर, "आणि" साठी अँड, "नाही" साठी नॉट. एका ओळीत होल्डिंग.

लॅडर काही आजकालची नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांत रिलेची (विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचची) मोठमोठी पॅनेलं होती. गाडीचं मॉडेल बदललं की वायरिंग उपसून नव्याने करावं लागायचं. त्यावर उपाय म्हणून पीएलसी (प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर), म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा संगणक आला. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोडिकॉन ०८४ हा सुरुवातीच्यांपैकी एक. त्याची भाषा शिडीसारखी ठेवली, कारण इलेक्ट्रिशियन रिलेच्या आकृत्या आधीपासून वाचत होते, त्यांना नवं काही पाठ करावं लागू नये. पीएलसी सारखा फेऱ्या मारतो: इनपुट वाचतो, शिडी वरून खाली सोडवतो, आउटपुट देतो, पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे फॉरेव्हर त्याच्या पोटातच आहे. पुढे १९९३ मध्ये आलेल्या आयईसी ६११३१-३ या आंतरराष्ट्रीय मानकात लॅडरसारख्या चित्रभाषा आणि स्ट्रक्चर्ड टेक्स्टसारख्या लिखित भाषा एकाच दस्तऐवजात शेजारी बसल्या. तिथे थोरली-धाकटी असा वाद नाही. मोटर-व्हॉल्व्हचं इंटरलॉकिंग (एक चालू असताना दुसरं चालू होऊ न देणं) असेल तर लॅडर घेतात, गणित जास्त असेल तर टेक्स्ट.

इतर ठिकाणीही हेच आहे. इंजिनिअरिंगच्या लॅबमधलं लॅबव्ह्यू १९८६ पासून वायर जोडूनच प्रोग्राम करतं. अनरियल इंजिनमध्ये गेम बनवणारे ब्लूप्रिंट वापरतात. आयबीएममध्ये जन्मलेलं नोड-रेड सेन्सरची माहिती इकडून तिकडे न्यायला सोयीचं आहे. वायरवाल्या या भाषांमध्ये "आधी काय, नंतर काय" यापेक्षा "माहिती कुठून कुठे वाहते" ते जास्त ठळक दिसतं.

पायरी ८: कोणी कुठून सुरू करावं, आणि उडी कधी मारावी

तिसरी ते सातवीतल्या मुलांना स्क्रॅचच द्या आणि दोन वर्षं तरी राहू द्या. आठवी ते दहावीला एक-दोन महिने ब्लॉक, मग पायथन. कॉलेजातल्या आणि नोकरी करणाऱ्यांनी थेट पायथन घ्यावं, पण वहीची पायरी गाळू नये. आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला असाल आणि हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांकडे डोळा असेल तर लॅडर शिकाच.

मुलाला टेक्स्टकडे न्यायची वेळ आली हे ओळखायचं कसं? तो ब्लॉक शोधण्यात जास्त आणि विचारात कमी वेळ घालवू लागतो. एकच ब्लॉकचा गठ्ठा पाच ठिकाणी चिकटवतो. "हे स्क्रॅचमध्ये होत नाही का?" असं विचारायला लागतो. तेव्हा न्या, त्याआधी नको. मधला पूल हवा असेल तर मायक्रोबिट या छोट्या सर्किट बोर्डसाठी असलेलं मेककोड बघा. त्यात तुम्ही ब्लॉक जोडता आणि एका बटणावर तेच पायथनमध्ये दिसतं. मायक्रोबिटमध्ये तापमान मोजायची सोय आहे, फक्त ते चिपच्या आतलं असल्याने खोलीपेक्षा थोडं जास्त दाखवतं. पंख्याऐवजी त्याच्यावरचे छोटे एलईडी लावा. खऱ्या कूलरच्या २३० व्होल्टच्या वायरला मुलांनी हात लावायचा नाही, मोठं कोणी जाणकार सोबत असलं तरी नाही.

पालकांना एक विनंती. क्लासला टाकाल तर महिन्याभराने मुलाला त्याचाच प्रोजेक्ट उघडायला सांगा आणि एका ब्लॉकवर बोट ठेवून विचारा, "हा इथे काऊन लावला?" माझ्याकडे एक मुलगा एका क्लासचं चकचकीत सर्टिफिकेट घेऊन आला होता. गेम छान चालत होता, पण त्यातला एकही ब्लॉक त्याला सांगता येईना, कारण सगळं बघून उतरवलं होतं. त्याची काहीच चूक नव्हती. आम्ही वहीपासून पुन्हा सुरू केलं, आणि तीन रविवारांत त्याचा कूलर फिरायला लागला.

आता तुमचं काम

कूलरच्या टाकीत पाणी संपलं आणि पंप कोरडा चालला तर तो जळतो. "पाणी" नावाचं व्हेरिएबल करा, १०० पासून सुरू, पंप चालू असताना दर सेकंदाला १ ने कमी होणारं. पाणी १० च्या खाली गेलं की पंप बंद, पण पंखा चालूच राहिला पाहिजे. कोणीतरी टाकी भरली आणि पाणी ५० च्या वर गेलं की पंप पुन्हा सुरू. आधी वहीत मराठीत लिहा, मग स्क्रॅचमध्ये करा, मग पायथनमध्ये. आणि लॅडर काढून बघायची असेल तर एक इशारा: इथे दोन कॉइल लागतील, आणि होल्डिंग दोघींनाही.